रडू आले, दोन वेळा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या त्या मुलीला वर्गातल्या सगळ्या जणी ‘तोटी’ म्हणत, कारण तिच्या डोळ्यांना बंद करायची सोयच नव्हती. पहिल्यांदा ती रडली ती एक पेशंट बरा होऊन घरी गेला म्हणून. दुसऱ्यांदा तर समोर माणूसही नव्हता. ‘तुमचं ऑपरेशन करावं लागेल’ हे पेशंटला हळुवारपणे कसं सांगायचं, याचा रबरी पुतळ्यावर सराव चालला होता. पुतळ्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. तोटीला जमलं नाही.

ट्यूटरबाईंनी दोन्ही वेळा लेखी ताकीद दिली. “तिसऱ्यांदा ड्यूटीवर डोळ्यांतून थेंब पडला की थेट घरी,” त्या म्हणाल्या. घरी आत्या वाटच बघत होती. ‘ही वर्षाच्या आत परत नाही आली तर नाव बदलीन,’ असं तिने निघतानाच चारचौघांत सांगून टाकलं होतं. तोटीला काहीही करून आत्याला नाव बदलायला लावायचं होतं.

बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी उपायही सांगितला. मनात काय चाललंय ते रोज एका कागदावर लिहायचं आणि समुपदेशक बाईंच्या टोपलीत टाकायचं. मनासाठी वेगळे कागद छापलेले नव्हते, तेव्हा वॉर्डातलेच निरीक्षणाचे कागद वापरायचे ठरले. गुप्तता म्हणून वर नाव घालायचं नाही. टोपलीत कागद टाकणारी मात्र तोटी एकटीच होती.

“आणि निरीक्षणात ‘मी’ येता कामा नये,” बाईंनी बजावलं. “मी पाहिलं, मला वाटलं, ही काय भाषा झाली? काय झालं, किती वेळा झालं, संपलं!”

तोटी आज्ञाधारक होती. मंगळवारी सकाळी तिने दोन कागद भरले, एक नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचा आणि एक स्वतःच्या मनाचा. एक आजोबांच्या चार्टला लावला, दुसरा टोपलीत टाकला. कुठला कुठे जातोय, एवढंच बघायचं राहिलं.

अकरा वाजता डॉक्टर राउंडला आले. त्यांनी नऊ नंबरचा चार्ट उचलला आणि चष्मा वर सरकवला.

‘रडू आले, दोन वेळा. जेवण गेले नाही. पळून जावेसे वाटते. बाईंच्या चपला वाजल्या की छातीत धडधडते.’

आजोबांच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि त्यांना कमरेपर्यंत प्लॅस्टर होतं. चार दिवसांत त्यांनी ‘हं’ याखेरीज शब्द काढला नव्हता.

“आजोबा, पळून जावंसं वाटतं?”

आजोबांनी प्लॅस्टरकडे बघितलं. “वाटून काय उपयोग?”

डॉक्टरांना हे उत्तर फार गंभीर वाटलं. “आणि जेवत का नाही तुम्ही?”

“जेवत नाही? सकाळी दोनदा खाल्लं मी!”

‘विसरही पडतो,’ डॉक्टरांनी खाली लिहिलं. मग धडधडीसाठी ईसीजी झाला, पळून जाऊ नयेत म्हणून खाटेचे कठडे वर चढले, अडीच वाजता गुंगीची गोळी द्यायचं ठरलं आणि समुपदेशक बाईंना बोलावणं गेलं.

समुपदेशक बाई आल्या त्या खुशीतच. त्या नुकत्याच टोपलीतला कागद वाचून आल्या होत्या. दारातच त्यांनी तोटीच्या पाठीवर हात ठेवला.

“किती मोकळेपणाने लिहिलंस गं! ताप नाही, नाडी बहात्तर आणि चार दिवसांनी आज पोट साफ. इतकं आतलं कोणी सांगत नाही.”

कुठला कागद कुठे गेला ते तोटीला आत्ता कळलं. तिने तोंड उघडेपर्यंत समुपदेशक बाई नऊ नंबरला पोचल्या होत्या.

“आजोबा, कोणत्या बाईंची भीती वाटते? न घाबरता सांगा.”

एवढ्यात ट्यूटरबाई चपला वाजवत वॉर्डात शिरल्या. आजोबांनी शांतपणे बोट उचललं. “ह्या.”

डॉक्टरांनी ट्यूटरबाईंना बाजूला घेतलं आणि आजोबांच्या तब्येतीसाठी काही दिवस वॉर्डात न येण्याची विनंती केली. बाई तिथूनच वळल्या आणि चपला हातात घेऊन अनवाणी बाहेर गेल्या. ते बघून तोटीला स्वतःची लाज वाटली.

“आजोबा, असं का सांगितलंत?” तिने हळूच विचारलं.

“चार दिवसांत पहिल्यांदाच इतकी माणसं जमली गं माझ्याभोवती. सगळे इतकं विचारतायत, तर काहीतरी सांगायला नको?”

गप्प बसलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. बोललं तर तिसरी ताकीद आणि आत्याचं नाव होतं तेच राहणार. पण गोळी अडीचची होती, आणि ती धडधाकट डोक्याच्या माणसाच्या पोटात जाणार होती. तोटी ट्यूटरबाईंना शोधत निघाली.

बाई चादरींच्या खोलीत सापडल्या. धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसून त्या चक्क रडत होत्या.

“बावीस वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “एका पेशंटची माझ्याबद्दल तक्रार नाही. आणि आज माझ्या चपलांनी म्हाताऱ्या माणसाची छाती धडधडते?”

“बाई, ती छाती त्यांची नाही. माझी आहे.”

तोटीने एका दमात सगळं सांगितलं. बाईंचं रडणं मध्येच थांबलं.

“म्हणजे आजोबांना नाही वाटत माझी भीती?”

“नाही.”

“फक्त तुला वाटते?”

“मला. आणि वर्गातल्या बाकीच्या एकतीस जणींना.”

“अगं, मग ठीक आहे!” बाईंनी हातातल्या अभ्र्याने डोळे पुसले, तो धुण्याच्या पिशवीत टाकला आणि भिंतीवरच्या फोनवरून वॉर्डात सांगून गोळी थांबवली.

“बाई, म्हणजे ही तिसरी ताकीद ना?” तोटीने विचारलं.

“तू रडलीस?”

“नाही.”

“मग? त्या ताकिदी रडण्याच्या होत्या. चुकीचा कागद लावण्याची वेगळी. त्यातली ही पहिली.”

आता घरी जावं लागणार नव्हतं. ते डोक्यात शिरलं आणि तोटीला रडू यायची चिन्हं दिसू लागली. तिने ओठ चावला, छताकडे बघितलं, चादरी मोजायला घेतल्या. सातव्या चादरीला डोळे भरले. घड्याळात सव्वा वाजला होता, म्हणजे ड्यूटी चालू होती, आणि बाई तिच्याकडेच बघत होत्या.

“थांब!” बाई ओरडल्या.

तोटी श्वास रोखून उभी राहिली.

“आधी दार लाव,” बाई म्हणाल्या आणि ढिगावर जरा सरकून बसल्या.