भिमाजीचा पॉवर सप्लाय

तळेगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या भिमाजीला एकच हौस होती. घरच्या टेबलावर आपला स्वतःचा सप्लाय असावा. बटण फिरवावं आणि हवे तेवढे व्होल्ट काढून घ्यावेत. तीन आठवडे खपून त्याने तो बनवला. ट्रान्सफॉर्मर फुकटात मिळाला. परंदवडीच्या देवळाच्या माळ्यावर दोन ॲम्प्लिफायर होते, एक चालू, एक बंद. देवळाचं सगळं बघणारे धोंडिबा आबा म्हणाले होते, "बंद हाय त्यो घिऊन जा." एकावर खंडेनवमीचं हळदकुंकू होतं. पूजा चालत्या यंत्राची होते, एवढं भिमाजीला कळत होतं. त्याने कोरा उचलला आणि घरी आणून खोलला, आतला ट्रान्सफॉर्मर काढून घेतला.

उत्सवाच्या सकाळी आबांचा फोन आला. "भिमा, ॲम्प्लिफायर बोलंना झालाय."

भिमाजी धावत गेला आणि त्याने बंद ॲम्प्लिफायरवर बोट ठेवलं. "आबा, हळदकुंकू तर ह्यालाच हाय की."

"मग? बंद पडलाय त्यालाच लावनार ना. चालत्याला काय धाड भरलीय?"

खरं सांगावं, तर देवळाचं चालतं यंत्र मोडलं म्हणून गावभर शोभा. भिमाजी घरी पळाला.

"आदी लावून बघा म्हनलं हुतं," राजेश्वरी म्हणाली, बायकोच ती.

त्याने मोडलेला ॲम्प्लिफायर आणि लाडका सप्लाय दोन्ही देवळात नेले. वीज गेली तर बॅटरीवर चालावा म्हणून ॲम्प्लिफायरच्या मागे दोन स्क्रू होते. त्यांना सप्लायच्या वायरी जोडून बटण बारा व्होल्टवर आणलं, तसा कर्णा बोलू लागला.

मग गावचे पुढारी बाजीरावभाऊ भाषणाला उभे राहिले. दरवर्षी त्यांचं भाषण दीड तास चाले आणि पंगती त्यानंतर बसत. अर्ध्या तासात सप्लाय तापून वास मारू लागला. भिमाजीने घाबरून बटण मागे फिरवलं. दहा, नऊ, आठ. भाऊंचा आवाज घोगरा होत बसत गेला. भाऊंनी खाकरून पाहिलं, पाणी प्यायलं.

"घसा धरलाय, थांबतो," ते म्हणाले. एवढ्या टाळ्या त्यांना कधीच पडल्या नव्हत्या.

भरल्या पंगतीत आबा भिमाजीजवळ आले. त्याने सगळं कबूल केलं. "चुकलो, आबा. चालतं मशीन मीच खोललं."

"बटन फिरवताना बगितलं मी," आबा म्हणाले. "तुजा बटनाचा डबा हितंच ऱ्हाऊ दे. फुडच्या वर्षी बी तूच बस बटनावर."

म्हणजे तीन आठवडे राबून ट्रान्सफॉर्मर होता तिथेच परत आला, फक्त नव्या डब्यातून. तरी भिमाजीला हसू आवरेना. इतक्यात आबांनी हळदकुंकवाचं ताट उचललं. भिमाजीने अभिमानाने डबा पुढे सरकवला.

आबा तो ओलांडून गेले आणि त्यांनी बंद पडलेल्या बाजीरावभाऊंच्या कपाळाला हळदकुंकू लावलं.