पितळी दाते

टेबलफॅनने मान वळवणं सोडलं आणि तो एकटक भिंतीकडे बघत बसला, तेव्हा काकू म्हणाल्या, "बोलवा कुणाला तरी."

"कुणाला तरी? मग पस्तीस वर्षं कारखान्यात मी गोट्या खेळत होतो?" निवृत्त फिटरकाका उसळले. वर्तमानपत्र पसरून त्यांनी पंखा उघडला. "ही मोटारची दांडी. हिच्या टोकाला आटे. आटे हे चाक फिरवतात, चाक मान फिरवतं. आणि चाक कसलं, तर प्लॅस्टिकचं! चार दाते गेलेत बघ. पितळी बसवतो, नातवंडांपर्यंत चालेल."

चाक घेऊन ते मायक्रॉनकडे गेले. हा कारखान्यात शेजारच्या मशीनवरचा जुना सोबती. केसभर चूक दिसली तरी त्याला जेवण जात नसे, म्हणून हे टोपणनाव. आता घरामागेच त्याचं छोटं वर्कशॉप होतं.

पहिली दुपार तुटके दाते धरून एकूण किती, या वादात गेली. दुसऱ्या दुपारी पितळ घासताना, सुटीचा भोंगा होऊन मशीनं थांबल्यावरही ओरडूनच बोलणाऱ्या फोरमनच्या नकला झाल्या. तिसऱ्या दुपारी दाते कापले. गरम तेलाचा तो ओळखीचा वास सुटला, तसे दोघं मशीनच्या आणखी जवळ सरकले.

पंखा झोकात मान फिरवू लागला. चौथ्या दिवशी काकूंनी पंख्याशेजारच्या कपाटाचं दार उघडं ठेवलं आणि त्याची मान दाराला अडली. प्लॅस्टिकने दाते गाळून माघार घेतली असती. पितळ हटेना. मान फिरेना म्हणून अख्खा पंखा फिरला, स्टुलावरून उतरला आणि कोपऱ्यात काकू चाळत असलेल्या पिठासमोर उताणा पडून मनसोक्त वारा घालू लागला.

"मऊ चाक स्वतः तुटून बाकीचं वाचवत होतं," पिठाने पांढऱ्याफटक झालेल्या काकू खोकत म्हणाल्या. "हे मला कळतं, तुम्हाला नाही?"

काका तणतणत वर्कशॉपवर गेले. "प्लॅस्टिकचंच हवं!"

मायक्रॉनने खण उघडून तसंच कोरं चाक टेबलावर ठेवलं.

"हे कधी आणलंस?"

"तू पहिल्यांदा आलास तेव्हाही इथंच होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर पाच मिनिटांत गेला असतास, लेका."

काकांनी चाक उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं. दाते, भोक, सगळं चोख होतं.

"भोक जरा लहान वाटतंय," ते स्टूल ओढत म्हणाले. "आज काही व्हायचं नाही, काय?"

"छे!" मायक्रॉन चहा ठेवायला उठला. "उद्याचीही दुपार जाईल."