सामू खाली गेला!

"महाराष्ट्रात डोकं असलेली माणसं पुष्कळ आहेत, लालासाहेब. ते वापरणारा मी एकटा," असं साताऱ्याचे खासगी गुप्तहेर गंगाधरपंत सांगत होते, तेव्हा त्यांनी स्वतः चालवलेली गाडी सांगलीऐवजी पाटणच्या रस्त्याला लागून वीस मिनिटं झाली होती.

लालासाहेब हे पंतांचे मेहुणे. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केल्यामुळे चुकीच्या गाडीत बसलेला माणूस त्यांना लांबूनही ओळखू येई. बहिणीने 'ह्यांना एकटं सोडू नकोस' असं विनवल्यापासून तो माणूस ते स्वतःच होते.

"दाजी, ह्या रस्त्यानं कोयना लागंल. कृष्णा न्हाई."

"मुद्दाम! कोणी पाठलाग करत असेल तर फसेल."

पाठलाग एका ट्रॅक्टरखेरीज कोणी करत नव्हतं. पंतांनी गाडी वळवली.

सकाळी सांगलीहून सुमंतशेठचा फोन आला होता. हळदीचे मोठे व्यापारी, पण आवाज रडवेला. "महिनाभर सामू रोज खाली जातोय हो! आज पार सात पॉइंट सातवर आला!"

पंतांनी वहीत टिपलं : 'सामू. सात सातला शेवटचा दिसला.' मग गंभीरपणे विचारलं, "जिन्याने जातो की लिफ्टने?"

सामू म्हणजे पाण्याचा पीएच, आकडा उतरला की पाणी आंबटपणाकडे झुकतं, हे सुमंतशेठच्या बायकोने, चारुशीलाबाईंनी, पंतांना दारातच समजावलं. पंत म्हणाले, "हे मला ठाऊकच होतं. तुम्हाला ठाऊक आहे का, ते पाहत होतो."

दिवाणखान्यात सहा फुटी काचेची टाकी होती. तिच्यात खारं पाणी, रंगीत मासे आणि जिवंत प्रवाळ. चार वर्षं जपलेले ते प्रवाळ आता कडेने पांढरे पडत होते आणि दोन तर गेलेच होते. सुमंतशेठचा संशय हरणाबाईवर होता. जतकडच्या मेंढपाळ घरातली ही बाई सहा वर्षं त्यांच्याकडे झाडलोट करत होती. "झाडताना खोलीत एकटी तीच असते. बादलीतलं काहीतरी टाकीत सांडतंय. शनिवारपर्यंत छडा लागला नाही, तर तिला काढणार."

"बिनपुराव्याचं बोलू नका," चारुशीलाबाई म्हणाल्या. हरणाबाई फडकं पिळत राहिली. पिळून पाणी संपलं तरी पिळत राहिली.

पंतांनी टाकीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि शेजारच्या उभ्या नळकांड्यापाशी थांबले. "हा कोण?"

"कॅल्शियम रिअ‍ॅक्टर. आत प्रवाळाचा चुरा आहे. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड त्याला विरघळवतो आणि ते पाणी थेंबथेंब टाकीत जातं. प्रवाळांची हाडं त्यावरच वाढतात," चारुशीलाबाई म्हणाल्या.

"म्हणजे सोडावॉटर! सोडा आंबट! गुन्हेगार सापडला!" पंतांनी सिलिंडरची चावी स्वतःच्या हाताने बंद केली.

दोन दिवस दोघे सुमंतशेठकडेच जेवले. आकडा जेमतेम कणभर हलला. प्रवाळांची उपासमार मात्र सुरू झाली, कारण त्यांचा स्वयंपाकीच अटकेत होता. शेवटी चारुशीलाबाईंनी नळकांड्याची जामिनावर सुटका केली.

मग पंतांनी हरणाबाईची बादली हुंगली. "लिंबू!"

"व्हय. लादी पुसायच्या साबनाचा वास हाय त्यो."

त्यानंतर संशय पिवळ्या माशावर गेला, कारण तो पंतांशी नजर मिळवत नव्हता. "दाजी," लालासाहेब म्हणाले, "त्याचं डोळं दोन बाजूला हायती." पंतांनी हेही टिपून घेतलं.

शनिवारी सुमंतशेठ हरणाबाईला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

तिने हातातलं फडकं बादलीत टाकलं. मग पदर खोचून थेट खिडकीपाशी गेली आणि कडेची चिकटपट्टी टराटरा ओढू लागली. मार्केट यार्डातली हळदीची धूळ टाकीत पडू नये म्हणून शेठनी महिन्यापूर्वी चारही खिडक्या स्वतः चिकटवल्या होत्या. आत एसी, आणि टाकी बघायला येणाऱ्यांची सकाळ-संध्याकाळ दाटी.

"पुरावा नष्ट करतेय! धरा!" पंत ओरडले.

"धरा की! आवं, म्हैनाभर डोकं धरलंय माजं हितं. कोकरं कोंडली तर ती बी धापा टाकत्यात. जायच्या आदी ह्या मुक्या जिवास्नी वारा तरी दावून जाते."

चारही खिडक्या उघडल्या. कृष्णेकडचा वारा आत आला. पंत आरोपपत्र लिहीत होते. लालासाहेब, तिकिटं मोजायची सवय म्हणून, टाकीला लावलेल्या सामूच्या मीटरवरचा आकडा बघत बसले. सात पॉइंट आठ. तासाभराने सात पॉइंट नऊ. संध्याकाळी आठ पॉइंट एक.

"माणसांच्या श्वासातूनही तोच कार्बन डायऑक्साइड निघतो," चारुशीलाबाई हळूच म्हणाल्या. "बंद खोलीत तो साचला आणि पाण्याने पिऊन टाकला. सिलिंडर आपणच होतो."

सुमंतशेठ हरणाबाईपुढे हात जोडून उभे राहिले. "चुकलो गं. उद्या ये."

"उद्या न्हाई. लेकीकडं जायाचं हाय. परवा बगते."

इतक्यात पंत उठले. त्यांनी चारही खिडक्या आणि दार लावून घेतलं, कारण रहस्याचा उलगडा बंद खोलीतच व्हायला हवा, असं त्यांचं शास्त्र होतं. "मंडळी! हवा, हेच ते उत्तर, हे मी पहिल्याच प्रदक्षिणेत ओळखलं होतं..."

ते पाऊण तास बोलले. हरणाबाईने दोनदा कपाळ दाबलं.

"दाजी, आवरा," लालासाहेब म्हणाले. "आठावर आला. तुमी बोलायला लागल्यापास्नं सामू उतरतोय."

"हा निव्वळ योगायोग आहे!" पंतांनी दीर्घ श्वास सोडला.

हरणाबाईने कोणाला न विचारता खिडकी उघडली.