बच्छाव सरांची तीन घरं

आमचे बच्छाव सर मिसळसुद्धा क्रमाने खायचे. आधी पापड संपवायचा, मग शेव, मग पाव आणि उसळ सगळ्यात शेवटी. का? तर "जे आधी बिघडणार, ते आधी." पापड मऊ पडतो, उसळ कुठे पळून जात नाही. मग रस्सा गार होतो त्याचं काय, असं मी एकदा विचारलं. सर गंभीरपणे विचारात पडले आणि त्या दिवसापासून पापडाच्या आधी दोन चमचे रस्सा जायला लागला.

गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत सरांकडे सामायिक लायब्ररी होती. पुस्तकांची नव्हे, कोडची. सगळ्यांना वारंवार लागणारी फंक्शनं तिथे एकत्र ठेवलेली, म्हणजे प्रत्येकाने वेगळी चूल मांडायला नको. पण तिथे शिरकाव मिळणं म्हणजे दिव्यच! त्यातून याद्या क्रमाने लावणाऱ्या फंक्शनांवर सरांचा खास डोळा, कारण कंपनीत येणारा प्रत्येक जण स्वतःचं एक सॉर्टिंग लिहून आणायचा. मीही आणलं होतं.

सर कळवणकडचे. कोड पटला नाही की थेट अहिराणीत उतरायचे. "हाई काय शे?" म्हणजे, हे काय आहे?

"सर, फार वेगवान आहे," मी छाती फुगवून म्हणालो.

"असेल रे बाबा. याची तीन घरं सांग."

घरं म्हणजे ते फंक्शन वापरणारे तीन वेगवेगळे प्रोग्राम. मला एकच सांगता आलं. "मग तुझ्याच घरात ठेव," म्हणून सर चहाला निघून गेले.

पुढे मी पुण्याला नोकरी धरली. अधूनमधून शनिवारी सरांचा फोन यायचा. "बच्छाव बोलतोय. काम काही नाही. जेवलास?" मला वाटायचं, म्हाताऱ्याचा वेळ जात नाही. दोन मिनिटांत उरकायचो. आता सांगायला लाज वाटते.

तीन वर्षांनी मी परत नाशिकला, त्याच कंपनीत आलो, तेव्हा सर निवृत्तीच्या दारात होते. जाण्याआधी त्यांनी लायब्ररी झाडायला काढली. सॉर्टिंगचीच चौदा फंक्शनं जमली होती. मी आणि माझ्या शेजारी बसणारी श्वेता एकेक पडद्यावर आणायचो, सर विचारायचे, "घरं?" तिनाच्या खाली आकडा आला की "काढ!" नऊ गेली. मग दहावं आलं. नाव होतं ‘राहिलेले आधी’. लिहिणारे स्वतः सर. घर एकच.

"काढ," ते हळूच म्हणाले.

"पण सर, हे करतं काय?" श्वेताने विचारलं.

सरांनी चष्मा पुसला आणि नाइलाजाने ते एक घर उघडून दाखवलं. कंपनी सोडून गेलेल्या माणसांची यादी होती ती. ज्याच्याशी बोलून सगळ्यात जास्त दिवस झाले, तो वर. शनिवारी वरच्याला फोन करायचा, की तो तळाला जायचा. माझंही नाव होतं, त्यापुढे सरांनी लिहिलं होतं, ‘परत आला’.

"माणसंही मऊ पडतात रे, पापडासारखी," सर खाली बघत म्हणाले. "घरी मी एकटाच. कुणी विसरायला नको म्हणून केलं होतं. पण नियम तो नियम. काढ."

मी म्हणालो, "सर, दुसरं घर माझं लिहा."

"आणि तिसरं माझं," श्वेता म्हणाली.

"खोटी घरं चालायची नाहीत हां!" सर गुरगुरले. "वापरलं नाहीत, तर घरून येऊन काढीन."

फंक्शन राहिलं, सर निवृत्त झाले. मग मीही माझी यादी केली. आई, मामा, शाळेतले दोस्त, सर, आणि प्रत्येकासमोर मी स्वतःहून शेवटचा फोन केला ती तारीख. शनिवारी दुपारी यादी चालवली. सगळ्यात वर नाव आलं, बच्छाव सर. मला वाटलं, कोड चुकला. चुकला नव्हता. त्यांच्यासमोर तारीखच नव्हती. इतक्या वर्षांत मी त्यांना आपणहून एकदाही फोन केला नव्हता.

लगेच लावला. "सर, काम काही नाही. जेवलात?"

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "अरे, निवृत्तीनंतर केलेल्या नव्या यादीत तुझा नंबर पाच शनिवारांनंतर होता. सगळा क्रम बिघडवलास!"

आणि मग काय काय जेवले, ते पहिल्या घासापासून क्रमाने सांगत बसले. या वेळी मी दोन मिनिटांत उरकलं नाही.