बारवेतला एकटा जोडा

आमच्या बोरीत अप्पांच्या दुकानात साखर घ्यायची तर आधी चपलेचा तळ दाखवावा लागतो. नवा माणूस गडबडतो. त्यानं अर्धा किलो साखर मागितलेली असते आणि काउंटरमागून अप्पा म्हणतात, "देतो की. आधी तळ दाखवा." मग तो बिचारा एका पायावर उभा राहून चप्पल उलटी करतो. अप्पा चष्मा कपाळावर सरकवून तळ न्याहाळतात आणि निकाल देतात. "डाव्या अंगठ्यावर लय जोर टाकायलाव. गुडघा धरंल." किंवा, "ही तुमची चप्पल न्हाई. कोणाच्या लग्नात बदलली?" दुसरं निदान पुष्कळदा बरोबर निघतं, आणि गिऱ्हाईक साखर न घेताच निघून जातं.

पूर्ण नाव शिवलिंगअप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बंडी आणि जिभेवर जोडे. माझं मेडिकल त्यांच्या किराणा दुकानाला लागून आहे, त्यामुळे मी या सगळ्याचा साक्षीदार आहे आणि बऱ्याचदा बळीही. इतकी वर्षं शेजारी असून ते मला नावानं हाक मारत नाहीत. "ओ मेडिकल" म्हणतात.

जगात कुठंही जुना जोडा सापडला की ती बातमी अप्पांपर्यंत कशी पोचते ते महादेवालाच ठाऊक. एकदा भर दुपारी ते माझ्याकडं आले आणि स्टुलावर बसून सांगू लागले, की परदेशात एका गुहेत हजारो वर्षांपूर्वीचा जोडा सापडला. एकाच कातड्याचा, पुढून वादीनं आवळलेला. मेंढ्यांच्या लेंड्यांच्या थराखाली दबून राहिला म्हणून टिकला. "आन् आत गवत कोंबलेलं व्हतं, मेडिकल. आता ते गवत कशाला? कोणी म्हणतंय ऊब लागावी म्हून. मी म्हणतो आकार राहावा म्हून. म्हंजी त्याला तो परत घालायचा व्हता." एवढं बोलून ते इतके उदास झाले, की मला वाटलं, घरातलंच कोणी गेलं.

त्यांची एक कायमची तक्रार होती. "सापडतोय तवा एकच सापडतोय. म्हणायचं जोडा, आन् असतोय एकटा." हे वाक्य ते रस्त्यानं जाणाऱ्यालाही थांबवून ऐकवत. त्यांच्या बायकोनं, गिरजाकाकूंनी, मात्र सांगून ठेवलं होतं, की जुनं खेटर उंबऱ्याच्या आत आलं तर मी माहेरी जाईन. काकूंच्या माहेरी आता कुणीच उरलेलं नाही, पण ही धमकी अप्पा पाळत.

या उन्हाळ्यात गावातल्या तरुण मंडळींनी गावाबाहेरच्या बारवेतला गाळ काढायला घेतला. अप्पा दुकान काकूंवर टाकून रोज बारवेच्या पायऱ्यांवर जाऊन बसू लागले. फुटक्या घागरी निघाल्या, पितळी तांब्या निघाला, देवाचा टाक निघाला. लोक टाकाला हात जोडत होते आणि अप्पा बाजूला काठीनं गाळ उकरत होते. मी त्यांच्यासाठी डोकेदुखीची गोळी घेऊन गेलो होतो, नेमका तेव्हाच जोडा निघाला.

काळाकुट्ट, चिखलानं गच्च भरलेला आणि अर्थात एकटा. एक जण तो ढिगाऱ्यावर फेकणार, तेवढ्यात अप्पा ओरडले. दुकानाचा ओटा उतरतानाही कण्हणारा हा माणूस त्या निसरड्या पायऱ्या भराभरा उतरून गेला. "फेकू नका. उनात ठेवू नका. बकेट आणा, पाण्यात ठेवा."

बादलीपाशी उकिडवं बसून त्यांनी मला सगळं समजावलं. "बाभळीच्या सालीत आन् हिरड्यात मुरवलेलं कातडं हाय हे. चिखलात हवा लागली न्हाई म्हून टिकलं. वरचा भाग सुती दोऱ्यानं शिवला व्हता. दोरा कुजला, ही बगा नुसती भोकं राहिली. तळ मातर कातड्याच्या वादीनं शिवलाय, म्हून त्याचे पदर हाईत तसे हाईत." मग आवाज खाली आला. "टाचेला किती पदर हाईत ते बगा."

टाच खरंच जाड होती, विटेसारखी. मी म्हणालो, "त्या काळची फॅशन असेल." अप्पा झाकणाचा डबा आणायला घराकडं गेले. मीही दुकानावर परतलो.

थोड्याच वेळात ते माझ्या दारात उभे. डबा हातात, चेहरा पडलेला. बादलीत पाणी होतं, जोडा नव्हता.

तपासाला वेळ लागला नाही. आमच्या गावच्या बबननं नुकतीच पिकअप घेतली होती आणि टरबुजं भरून तो जालन्याला निघाला होता. नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून मागं जुना जोडा बांधायचा असतो, हे सगळ्यांनाच माहीत. बबन बारवेजवळून जाताना थांबला, बादलीत आयता जोडा दिसला, तोही एकटा आणि शिवाय काळा. त्यानं देवाचे आभार मानले आणि गाडीला बांधला.

"मेडिकल, गाडी काढा," अप्पा म्हणाले.

बबन फोन उचलत नव्हता. गाणी लावली असणार. आम्ही जिंतूर ओलांडलं आणि देवगाव फाट्याच्या रस्त्याला लागलो. ऊन असं, की डोळे उघडवत नव्हते. मी म्हणालो, "अप्पा, एका खेटरासाठी मरायचं का आता?"

मोटारसायकलवर मागं बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. अप्पांना तेच सोयीचं झालं असावं. ते बोलू लागले, आणि ते गौरीबद्दल बोलत होते.

गौरी त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला कंपनीत आहे. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड. गावाला हे ठाऊक आहे आणि अप्पांच्या घरात त्यावर चकार शब्द निघत नाही. ती लहान असताना अप्पा तिला घेऊन परभणीला एका जोडे शिवणाऱ्याकडं जात, दिवसभर त्याच्या शेजारी बसत आणि जाड टाचेचा बूट शिवून घेऊन येत. पोर वाढली, की नवा बूट. आता तिला पुण्यात मापाचे बूट मिळतात. अप्पांना कुणी विचारत नाही. रविवारी फोन येतो. ऊन हाय का, पाऊस हाय का, संपलं.

"परवा यायलीय ती," अप्पा म्हणाले. "तिला वाटतंय, असा बूट जगात तिला एकटीलाच लागला. तिच्या आधी कोणाला तरी लागला व्हता. कोणीतरी बसून पदरावर पदर ठेवून शिवला व्हता. एवढं तिला दिसलं पाहिजे. मला बोलता येत न्हाई, मेडिकल. बूट दाखवता येतोय. आन् तो उनात तडकला तर काय दाखवू?"

 मी गाडी पिळली.

देवगाव फाट्यावर हॉटेलासमोर पिकअप उभी होती आणि बबन भजी खात होता. आम्ही आधी पिकअपच्या मागच्या बाजूला धावलो. जोडा सुतळीनं लटकत होता. वरच्या टरबुजांवर बबननं ओलं बारदान टाकलं होतं आणि त्याचं पाणी थेंबथेंब, बरोबर जोड्यावर गळत होतं. बोरीपासून फाट्यापर्यंत त्याला अभिषेक घडला होता. अप्पांनी हात लावून पाहिला आणि तिथंच रस्त्याकडेला मटकन बसले. "वला हाय," ते म्हणाले. "वला हाय गड्या."

बबन मात्र सोडायला तयार नव्हता. "अप्पा, दृष्टीला जुनाच जोडा लागतोय. ह्याच्यापेक्षा जुना मला कुठं भेटंल?"

 अप्पांनी आपली चप्पल पुढं केली. बबननं उलटीपालटी करून नाकारली. "ही नवी हाय. नव्याला लागू पडत न्हाई." मग दोघंही माझ्या पायांकडं बघू लागले. अप्पांनी तर तळसुद्धा बघितला. "ही चालंल," त्यांनी सर्टिफिकेट दिलं. "ही मेलेलीच हाय." माझी उजवी चप्पल जालन्याला गेली आणि मी एका चपलेनं गाडी चालवत बोरीला आलो. अप्पांनी मात्र जोड्याचा डबा मांडीवर असा धरला होता, की मला उगीच खड्डे चुकवावेसे वाटत होते.

काकूंच्या धमकीमुळं जोडा घरात जाईना. तेव्हा तो माझ्या फ्रिजमध्ये आला. इन्सुलिनच्या खालच्या कप्प्यात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये. एका बाईनं तो डबा पाहून विचारलं, "हे कशावरचं औषध हाय?" मी सांगितलं, "दृष्टीवरचं." तिनं थोडं मागितलं.

गौरी आली त्याच दिवशी परभणीहून पुरातत्त्व शिकवणाऱ्या एक मॅडम गाळातल्या वस्तू बघायला आल्या. जोडा यादवांच्या काळातला असल्याचं अप्पांनी गावभर जाहीर केलं होतं. मॅडमनी भिंगातून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "शंभर-सव्वाशे वर्षांचा असेल, जास्तही असेल. तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण तुम्ही पाण्यात ठेवलात हे फार चांगलं केलंत." यादव गेले, पण अप्पांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"मॅडम, टाचेचे पदर मागून लावलेत का?"

"नाही. वादी सगळ्या पदरांतून एकदमच ओवलीय. करतानाच असा केलाय. एक पाय आखूड असणार त्या माणसाचा."

"आन् वापरलाय का? का नुसताच टाकून दिला?"

"भरपूर वापरलाय. टाचेची कड बघा किती झिजलीय."

अप्पांनी श्वास सोडला. "घातला म्हंजी," ते म्हणाले. "बरं झालं." गौरी माझ्या काउंटरपाशी उभी होती. अप्पांनी तिच्याकडं बघायचं धाडस केलं नाही.

मॅडम बाकीच्या वस्तू बघायला बारवेकडं गेल्या. गौरी वाकून डब्यात बघत राहिली. मग म्हणाली, "अप्पा, अजून थोडा गाळ काढला तर माझा पण निघंल."

मला काही कळेना. मग तिनंच सांगितलं. "चौथीत होते. पोरी चिडवायच्या. मी बूट बारवेत टाकला आणि घरी सांगितलं, कुत्र्यानं पळवला. तुमी काहीच बोलला नाहीत. चार दिवसांनी परभणीहून नवा आणून दिला."

"तुझा न्हाई निघायचा," अप्पा म्हणाले.

"का?"

"बुडलाच न्हाई तो. पायरीला अडकला व्हता. पाण्याला गेलेल्या एका बाईनं मला सांगितलं. उतरून काढला, सावलीत वाळवला, एरंडेल चोळलं, पॉलिश मारलं. परभणीला मी गेलोच न्हाई. नवा म्हून दिला तो तोच व्हता."

गौरी बघतच राहिली. मग हसायला लागली, आणि इतकी हसली, की बाकावर बसून डोळे पुसू लागली. मलाही आत कुठंतरी मोकळं वाटलं. "दोन वर्षं घातला मी तो," ती म्हणाली.

"घातलास की," अप्पा म्हणाले. "रोज ओट्यावर उभा राहून बगायचो मी. तू वळणाआड जाईपर्यंत."