चौथं काडतूस

आमचे शेजारी मुकुंद दाबके दर रविवारी सकाळी दहा वाजता मला एक गोष्ट होत नाही, हे बघायला बोलावतात. मी जातो, ती गोष्ट होत नाही, तसं मी सही करून लिहून देतो आणि मग आम्ही पोहे खातो. आयर्लंडमधल्या आमच्या मलिंगार गावात रविवारी सकाळी याहून बरं काही करण्यासारखं असतं, असंही नाही.

दाबक्यांकडे शॉटगन आहे. घाबरू नका. मातीच्या उडत्या चकत्यांवर नेम धरायची, रीतसर परवान्याची बंदूक. तिच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे नळीखालच्या कोठीत, तीनच काडतुसं मावायला हवीत असा कायदा आहे. चौथं मावलं तर तो परवाना चालत नाही. म्हणून आत प्लास्टिकची कांडी घालून जागा अडवलेली असते. ती कांडी दुकानदारानेच बसवून दिली आहे आणि ती आपणहून उठून कुठे जाण्याची शक्यता नाही. तरी दाबके वरच्या बारक्या खोलीतली लोखंडी तिजोरी उघडतात, बंदूक रिकामी असल्याचं दोनदा बघतात, मला एकदा बघायला लावतात आणि दारू नसलेली खोटी काडतुसं एकेक करून आत सारतात. तीन जातात. मग चौथं घेऊन चांगला जोर लावतात. ते बाहेरच राहतं.

"चौथं नाही. ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत सगळं ठीक, असं म्हणून ते माझ्यापुढे वही सरकवतात.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. ते कारखान्यात हृदयात घालायच्या नळ्या तपासतात. तिथे एकाने करायचं, दुसऱ्याने बघायचं आणि दोघांनी सही करायची, असा नियम. तीस वर्षांत तो त्यांच्या अंगात इतका मुरला आहे की चहात साखर घातली तरी ती कुणीतरी पाहिलेली असावी, असं त्यांना वाटतं. वैशालीवहिनी या भानगडीत पडत नाहीत. एक सही लग्नाच्या रजिस्टरवर केली तेवढी पुरे झाली, असं त्या म्हणतात.

मी इथल्या इस्पितळात भूल देणारा डॉक्टर. एकदा रात्रपाळी करून आलो होतो. म्हटलं, दाबके, वही इकडेच द्या, मी खालीच सही करतो. ते काही रागावले नाहीत. न बघता सही करणारा भूलतज्ज्ञ, एवढंच स्वतःशी पुटपुटले. मी मुकाट्याने जिना चढलो.

माझ्याआधी वहीत दाबक्यांबरोबरची सही अनिशची असायची. अनिश त्यांचा एकुलता एक मुलगा. खरं तर बंदूक घेतली ती त्याच्याचसाठी. पंधराव्या वर्षी शाळेतल्या मित्रांबरोबर त्याला नेमबाजीच्या क्लबात जायचं होतं, आणि त्या काळात तो बापाशी बोलत नव्हता. भांडण वगैरे काही नव्हतं. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत, तेही इथल्या वळणाचं आणि एका शब्दाचं. ज्यांनी जत्रेतल्या फुग्यांवरही कधी नेम धरला नव्हता, त्या दाबक्यांनी सगळे अर्ज भरले, तिजोरी भिंतीत ठोकून घेतली, मुलाचा शिकाऊ परवाना काढला. दर रविवारी मुलगा काडतुसं भरायचा, बाप बघायचा, दोघं सही करायचे. मग दाबके त्याला क्लबावर सोडायचे आणि स्वतः फाटकाबाहेर गाडीत पेपर वाचत बसायचे.

"ती दहा मिनिटं तो माझ्याशी बोलायचा," ते मला एकदा म्हणाले. "म्हणजे आकडेच बोलायचा. वन, टू, थ्री. पण बोलायचा."

दोन वर्षांपूर्वी अनिश नोकरीसाठी सिडनीला गेला. फोन येतो तो वहिनींना.

यंदा परवान्याच्या नूतनीकरणासाठी गार्डा, म्हणजे इथल्या पोलीस, तिजोरी बघायला आल्या. तरुण, हसऱ्या बाई. तिजोरी बघून खूश झाल्या आणि जाता जाता सहज विचारलं, शेवटची कधी चालवलीत? दुसरा कुणी असता तर गेल्या महिन्यात म्हणून मोकळा झाला असता. दाबके म्हणाले, मी स्वतः कधीच नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. बंदूक बाळगायला कारण लागतं, तिजोरीत जपून ठेवणं हे कारण होत नाही, क्लबात नियमित जाऊन दाखवा नाहीतर अवघड आहे, असं त्यांनी अगदी गोड शब्दांत समजावलं.

वहिनी म्हणाल्या, विकून टाका. अनिश फोनवर तेच म्हणाला. दाबके त्या संध्याकाळी माझ्याकडे आले आणि कोट न काढताच बसले.

"बंदूक गेली आणि तो सुट्टीला आला, तर आम्ही दोघांनी करायचं काय?" त्यांनी विचारलं.

पुढच्या रविवारी आम्ही क्लबात गेलो.

भुरभुर पाऊस होता. एकसष्टाव्या वर्षी दाबक्यांनी पहिल्यांदा बंदूक खांद्याला लावली आणि पंचवीस चकत्या एकही न फुटता चिखलात जाऊन पडल्या. चकत्यांना जराही इजा न करता परतणारा एवढा सज्जन सभासद क्लबाला पूर्वी मिळाला नसावा. मग पत्र्याच्या शेडमध्ये चहा झाला. डेक्लन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आडनाव ऐकलं आणि तो खुर्ची ओढून जवळच बसला. तू अनिशचा बाप? काय पोरगं होतं ते. तोंडाला खीळ म्हणून नाही. पुण्याच्या आजीच्या गोष्टी सांगायचा, आम्हा सगळ्यांच्या नकला करायचा, तो गेल्यापासून या शेडमधली मजाच गेली. दुसरे दोघं येऊन बसले, त्यांनी आणखी सांगितलं. दाबके कप हातात धरून ऐकत होते. चहा तसाच गार झाला.

गाडीत बसल्यावर किल्ली हातातच ठेवून ते माझ्याकडे वळले.

"डॉक्टर, तुमच्यासमोर कधी केली का हो त्याने नक्कल?"

मी नाही म्हणालो. माझ्यासमोरही नाही, असं ते म्हणाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, परवान्याला अशा किती हजेऱ्या लागतील?

"परवान्याचं राहू द्या," दाबके म्हणाले. "डेक्लनचं अजून सांगून संपलेलं नाही. पुढच्या रविवारी जरा लवकर निघू."