सरांची कडी

ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सर पहिल्याच दिवशी एक गोष्ट पढवत: वाजवणं थांबलं की सरकती नळी निसटू नये म्हणून तिला कडी लावायची. विसरलात तर सरळ वर्गाबाहेर! आणि निवृत्तीच्या कार्यक्रमात, भरल्या सभागृहात, खुद्द सरच कडी विसरले.

त्याचं असं झालं, शेवटी सरांनी एकट्यानं वाजवायचा तुकडा होता. हात लोण्यासारखा फिरावा म्हणून त्यांनी सकाळपासून नळीला नको इतकं तेल पाजलं. आता वाद्यवृंदात ट्रॉम्बोनवाल्याला वाजवण्यापेक्षा गप्प बसायचंच काम जास्त. बसल्याबसल्या सरांना सगळी नोकरी आठवली, डोळे भरून आले, आणि रुमाल काढायला त्यांनी नळीवरचा हात उचलला. नळी सुळकन निसटली ती ठणठणत पुढच्या हॉर्नवाल्याच्या खुर्चीखाली!

"अहो, माझी नळी! पायानं ढकला की इकडे!" सर कुजबुजले.

हॉर्नवाल्यानं मागे न बघता मनापासून लाथ हाणली. नळी उलट्याच दिशेला, चेलोवाल्यांच्या घोळक्यात दिसेनाशी झाली.

तेवढ्यात संचालकांनी सरांकडे छडी वळवली. हातात अर्धंच वाद्य! जन्मभराची अब्रू आज जाणार!

शेजारच्या खुर्चीवर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती. तिनं आपल्या नळीची कडी काढली आणि बेधडक तुकडा उचलला. पहिला सूर लागला मात्र, सर नळीबिळी सगळं विसरले. जिथे श्वास घ्यायला त्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, बरोब्बर तिथेच पोरीनं श्वास घेतला. सरांची छाती अशी फुगली की कोटाचं बटण तुटायचंच राहिलं.

कार्यक्रम संपल्यावर बायको शेवटच्या रांगेतून धावत आली. तिचा चष्मा घरीच राहिला होता.

"काय वाजवलंत हो! शेवटच्या सुरांना एरवी तुमची नुसती पळापळ. आज कसं निवांत!"

"मी कुठला? हिनं वाजवलं!" सर साऱ्या मंचाला ऐकू जाईल असं ओरडले.

"तरीच!" बायको म्हणाली.

विद्यार्थिनी ओशाळली. "तसं नाही हो काकू. शेवटी घाई करू नका, हे सरांनीच शिकवलंय."

"शिकवलंयच मुळी!" सर ऐटीत म्हणाले.

तिनं चेलोवाल्यांकडून शोधून आणलेली नळी सरांच्या वाद्यावर चढवून त्यांच्या हातात दिली. सरांनी लगेच ती ओढून पाहिली. कडी लावलेली होती.

"शाब्बास!" डोळे पुसत सर म्हणाले. "विसरली असतीस, तर आजसुद्धा वर्गाबाहेर काढलं असतं!"